गच्चीवरचं वावर

आमच्या घरमालकांनी खोल्या भाड्याने देताना आमचं आडनाव विचारलं नाही. नाशकात तोवर आम्ही नवराबायकोने बरीच पायपीट केली होती आणि आडनाव सांगितलं, की खोली नेमकी कालच कुणाला तरी देऊन झालेली असायची. त्यामुळे मखमलाबाद नाक्याजवळच्या त्या दुमजली घराच्या पायरीवर मी मनातल्या मनात भांडणाची तयारी करूनच उभी होते. या गृहस्थांनी विचारलं ते भलतंच. पाणी ठिबकल्याच्या आवाजाने तुमची झोप मोडते का, म्हणाले.

नवऱ्याने "छे, छे" म्हणून टाकलं. खोली मिळत असती तर तो धबधब्याखालीही झोपायला तयार झाला असता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि बाईंची?" मी शाळेत शिकवते हे त्यांना बोलण्यात कळलं होतं आणि तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'बाई' झाले ती कायमची. मी म्हटलं, मी नांदगावची, रेल्वेलाइनला लागून आमचं घर, पाण्याचं काय घेऊन बसलात. हे उत्तर त्यांना पटलं असावं. त्यांनी लगेच किल्ली काढून दिली.

ठिबकण्याचा उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. धुणं घेऊन गच्चीवर गेले तर दोरी बांधायला जागाच नाही. रॉकेलचे आडवे कापलेले डबे, गळकी घंगाळं, एनॅमलची घमेली, छपराची एक लांब पत्र्याची पन्हळ, सगळं ओळीने मांडलेलं. सगळ्यांना आतून डांबर फासलेलं, सगळ्यांत पाणी. त्यावर भोकं पाडलेल्या लाकडी फळ्या, आणि भोकांतून माना वर काढून बसलेली कसली तरी पोपटी रोपं. माती मात्र चिमूटभरही नव्हती. मी एक फळी उचलून पाहिली तर खाली मुळं नुसती पाण्यात लोंबत होती. मला उगीचच कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं झालं आणि मी फळी पटकन खाली ठेवली.

"लेट्यूस," घरमालक मागून म्हणाले. "कच्चं खायचं असतं."

मी हे नाव ऐकून होते, पण बघत होते पहिल्यांदाच. आमच्याकडे पाला म्हणजे निवडायचा, धुवायचा, चिरायचा आणि लसणाची फोडणी द्यायची. कच्चा पाला शेळी खाते. हे मी बोलले नाही, कारण किल्ली कालच मिळाली होती.

घरमालकांना आम्ही काका म्हणू लागलो. ते आयुष्यभर एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, मूलबाळ नव्हतं, दुसरं लग्न केलं नाही. खालच्या दोन खोल्यांत ते एकटे राहायचे. नोकरी सुटली तरी त्यांच्यातला कंपाउंडर काही सुटला नव्हता. रोपांना लागणारं सगळं त्यांनी मिक्श्चरच्या जुन्या बाटल्यांत भरून ठेवलेलं असायचं आणि प्रत्येक बाटलीवर डोसाच्या खुणा कातरलेली कागदी पट्टी डकवलेली. सोरा, हिराकस, सुपर फॉस्फेटचं निथळलेलं पाणी आणि मॅगसल्फ. मॅगसल्फ म्हणजे जुलाबाचं मीठ. "माणसाला रेच, पाल्याला टॉनिक," असं ते दर नव्या माणसाला सांगत, आणि नवा माणूस म्हणजे बहुधा आमच्याकडे आलेला पाहुणाच असे. रोपांना एक डोस सकाळी, एक संध्याकाळी. ओतण्याआधी बाटली हलवायची आणि स्वतःलाच बजावायचं, "हलवून घ्या."

हे दोन शब्द त्यांना कशालाही पुरायचे. शाळा तपासायला साहेब येणार म्हणून मला धडकी भरली होती तेव्हा ते म्हणाले, हलवून घ्या. दिवाळीला सासरी जायचं की माहेरी यावरून आमचं कडाक्याचं भांडण चाललं होतं तेव्हा जिन्यातून आवाज आला, हलवून घ्या. त्याचा नेमका अर्थ काय हे मला आजही सांगता यायचं नाही, पण त्या दिवशी भांडण तिथेच थांबलं एवढं खरं.

मुळं सारखी पाण्यात राहिली की गुदमरतात म्हणून ती त्यांना श्वास द्यायची. त्यासाठी सायकलचा पंप होता. पंपाची नळी पाण्यात सोडून ते उकिडवे बसायचे आणि एकेका डब्यात हवा मारायचे. दर तासाला मारावी लागते, असं सांगायचे. खरं म्हणजे गच्चीवर जाताना जिन्यात आमचं दार लागायचं, आणि ते उघडं दिसलं की पंपाची वेळ झालेली असायची. दाराशी क्षणभर थांबायचं, "चाललंय का?" विचारायचं आणि उत्तर मिळालं की वर. नवऱ्याची सातपूरच्या कारखान्यात पाळी बदलती होती, त्यामुळे मीही पुष्कळदा एकटीच असायचे. पहिले काही महिने मला या माणसाचा वैताग यायचा. मग एकदा तापाने निजून होते आणि दार लावून घेतलं होतं, तेव्हा लक्षात आलं की दिवसभर वर पंप वाजलाच नाही. त्यानंतर घरात असले की मी दार उघडंच ठेवू लागले.

घर लावताना आम्ही बुद्धाची तसबीर भिंतीवर लावायला काढली तेव्हा ते लगबगीने वर आले. मी खिळा हातात घेऊन थबकले. म्हटलं, आता निघालं आडनाव. ते म्हणाले, तसबीर छान आहे, पण या भिंतीतून गच्चीवरचा पाइप गेलाय, खिळा तेवढा हातभर डावीकडे ठोका.

लेट्यूसची ही विद्या त्यांनी दवाखान्यातच मिळवली होती. पेशंट बसायच्या खोलीत इंग्रजी मासिकं पडलेली असत, त्यातल्या एकात घरच्या घरी पाण्यावर लेट्यूस कसं पिकवावं हे चित्रांसकट दिलं होतं. शेवटचं पान कुणा पोराने फाडून नेलं होतं. त्यामुळे काकांच्या ज्ञानात शेवटचा भाग कायमचा गहाळ होता आणि पीकही नेमकं शेवटाला जाऊन बिघडायचं. देवळालीच्या एका बंगल्यातल्या माळ्याकडून ते बी आणत. रोप छान उगवायचं, चार-सहा पानं धरायचं आणि मग काहीतरी व्हायचं. कधी शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं. कधी पाण्यात शेवाळ. कधी मुळंच तपकिरी होऊन कुजायची. आणि ऊन वाढलं की मधूनच दांडा वर निघायचा, मोडला की पांढरा चीक यायचा, मग पान इतकं कडू की कारलं बरं. तरी रविवारी ताटलीत चार पानं घेऊन ते वर यायचे आणि आम्ही खाईपर्यंत समोर उभे राहायचे. नवरा म्हणायचा, "काका, थंड वाटतं एकदम." यापलीकडे त्या पाल्याची स्तुती करता येण्यासारखी नव्हती.

आता हा माणूस पाल्यासाठी एवढा जीव टाकतो म्हटल्यावर त्याला पालेभाजी आवडत असेल असं कुणालाही वाटेल. काका पालेभाजी खातच नसत. मेथी नाही, शेपू नाही, पालक नाही. एकदा मी गरम पोहे नेऊन दिले तर त्यांनी कोथिंबिरीचं एकेक पान वेचून बशीच्या कडेला लावलं आणि मग पोहे आवडीने खाल्ले. मला आधी पोटाचं दुखणं वाटलं. शिवाय घरात तुळससुद्धा नाही, कुंडी नाही, अंगणाला सगळीकडे शहाबादी फरशी. माणूस विचित्र आहे एवढीच मी मनाशी नोंद करून ठेवली.

याहून विचित्र प्रकार बुधवारी व्हायचा. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, बाजार. सायखेड्याहून एक भाजीवाली मावशी सकाळच्या गाडीने यायची आणि बाजारात जाण्याआधी वाट वाकडी करून आमच्या फाटकाच्या कट्ट्यावर एक जुडी ठेवून जायची. हंगामाप्रमाणे कधी मेथी, कधी शेपू, कधी पालक, कधी आंबट चुका. काका खिडकीतून बघत असायचे. ती गेली की बाहेर येऊन हाक मारायचे, "बाई, तुमची भाजी आली." जुडीला स्वतः हात लावायचे नाहीत.

फुकटची ताजी भाजी, मी कशाला नको म्हणू? मी पायरीवर बसून ती निवडायची आणि काका त्यांच्या लोखंडी खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसायचे. मग उलटतपासणी सुरू. पान रुंद आहे की बारीक? काडी मोडते की वाकते? मुळांना चिकटलेली माती ओली आहे का? खालची पानं पिवळी आहेत? मी सांगत जायची आणि ते मान डोलवत म्हणायचे, यंदा विहिरीला पाणी बरं आहे. किंवा, खुरपणी उशिरा झाली. किंवा, ढगाळ हवेने मावा पडलाय, आता राख टाकायला हवी. मला वाटायचं, एवढी काळजी आहे तर जा बाबा त्या वावरात, नाहीतर निदान ही भाजी खा.

शेवटी एका बुधवारी मी मावशीलाच फाटकाशी गाठलं. ती म्हणाली, भाजी काकांच्या थोरल्या भावाच्या वावरातली. बाप गेल्यावर वाटणीला माणसं बसली होती. तेव्हा थोरला सगळ्यांदेखत म्हणाला, तू नाशकात बाटल्या धुतोस, तुला वावर काय करायचं, दोघांचंही मीच बघतो. धाकट्याच्या ते जिव्हारी लागलं. त्याने तिथल्या तिथे आईची शपथ घेतली, की या वावराचं एक पान तोंडात घालणार नाही. त्याला तीसेक वर्षं होऊन गेली होती. आई त्यानंतर वारली, तिच्या दहाव्यालाही दोघे दोन बाजूंना उभे राहिले.

"आन् नाशकाच्या बाजारात सायखेड्याची भाजी लय," मावशी म्हणाली. "कोंची जुडी कुनाच्या वावरातली, त्यास्नी काय कळावं? म्हून समदाच पाला सोडला."

मी विचारलं, मग थोरले भाऊ ही जुडी कशाला धाडतात? काका ती खात नाहीत हे त्यांना माहीत नाही का? "म्याच सांगितलं ना त्यास्नी, भाडेकरू खात्यात म्हून. तर म्हनले, खाऊ दे. तू ठिवत जाय."

त्या दिवशी मी मेथी घेऊन वर आले खरी, पण निवडताना हात चालेनात. इतकी वर्षं एका माणसाने भाजी धाडायची आणि दुसऱ्याने ती लांबून बघायची, याला काय म्हणावं? मला दोघांचाही राग आला. मी गच्चीवर गेले. काका पंप मारत होते. मी सरळ विचारलं, हे काय चालवलंय तुम्ही?

ते रागावले नाहीत. नळी बाहेर काढून पुसत म्हणाले, "दादा खोटं नव्हता बोलला. बाटल्या धूतच होतो मी. पण चारचौघांत बोलला." मग पंप बाजूला ठेवून म्हणाले, "मला त्याचं वावर नकोच आहे, बाई. वावराशिवाय एक पीक काढायचं, चांगलं, नाव ठेवायला जागा नाही असं. ते घेऊन जातो, त्याच्यापुढे ठेवतो. मग जेवीन त्याच्या घरी. मेथीच करायला सांगेन."

म्हणजे ही गच्ची कशासाठी होती ते मला तेव्हा कळलं. लेट्यूसच का, तर सायखेड्यात ते कुणी लावत नाही. मेथी पाण्यावर आणली असती तरी लोक म्हणाले असते, बियाणं भावाचंच. मी म्हटलं, पिकाचं राहू द्या, येत्या रविवारीच जाऊन या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना धोतर न नेसता जायला सांगितलं होतं. "रिकाम्या हाताने?"

मग मीही त्या पिकाची वाट बघू लागले. मला हसू येतं आता, पण तेव्हा शाळेतून आले की चपला न काढता आधी गच्चीवर जायची. माझी मुलगी त्याच घरात झाली, रांगायला लागली, तीही वर जाऊन डब्यांवर थापा मारायची आणि काका तिला ओरडायचे नाहीत. मध्ये किती हंगाम गेले. प्रत्येक उन्हाळ्यात दांडे वर निघायचे, काका ओलं गोणपाट घालून सावली करायचे, आणि शेवटी सगळं उपटून डबे पालथे घालायचे. डबे पालथे असले की ते दिवसचे दिवस खोलीबाहेर येत नसत. रेडिओ तेवढा लागलेला असे. मी दार उघडं ठेवायचे, पण जिन्यात कुणी चढायचं नाही. त्यांच्या एकटेपणाला निदान हवा मारायचं काम तरी होतं, ते असं मधूनच काढून घेतलं जायचं.

मग डॉक्टरांच्या घरी टीव्ही आला. काकांना टीव्हीशी कर्तव्य नव्हतं, त्यांनी खोक्यातला थर्माकोल मागून आणला. लाकडी फळ्या काढून त्याच्या जागी थर्माकोलची झाकणं बसवली. पाण्यावर ती हलकी तरंगायची, ऊन आत जायचं नाही, शेवाळ बंद झालं. त्यात त्या साली दिवाळीनंतर नाशकात थंडीही कडक पडली. रोपं अशी फुगली की मी बघतच राहिले. पानाला पान लागलेलं, कडा झालरीसारख्या, मुळं पांढरीशुभ्र. खाऊन बघितलं तर खरंच गोडसर लागलं. या वेळी नवऱ्याने "थंड वाटतं" म्हटलं नाही. त्याने आणखी मागितलं.

आणि त्याच दिवसांत एका बुधवारी जुडी आली ती सुतळीने बांधलेली. मी ती उचलली तर काका खुर्चीतून उठून उभे राहिले. "थांबा." त्यांनी जवळ येऊन पाहिलं, हात न लावता. दादा सुतळी वापरत नाही, म्हणाले. नदीकाठचं लव्हाळं ओलं करून तो बांधतो आणि गाठ कधी मारत नाही, पीळ देऊन खोचतो, म्हणजे बायकांना सोडायला त्रास नको. ही जुडी दुसऱ्या कुणी बांधली. पुढच्या बुधवारी जुडी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मावशीला विचारायचं काम माझ्याकडे आलं, ते स्वतः खिडकीतच थांबले. मावशी म्हणाली, थोरला वावरात पडला, एक अंग गेलंय, बोलतो पण अडखळत. मी हे आत जाऊन सांगितलं. काकांनी ऐकलं आणि गच्चीवर निघून गेले. मला वाटलं, आता निघतील. दुसऱ्या दिवशी निघाले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. वर जाऊन पाहिलं तर एकेक रोप निरखत होते. "मधली पानं अजून भरायची आहेत," म्हणाले. "अजून चार दिवस."

माझा तोल गेला. "काका, पाला थांबेल तुमचा. माणूस थांबायचा नाही." ते पुन्हा रोपांवर वाकले. मीही तशीच खाली आले आणि आपण फार बोललो का म्हणून मनाला लावून घेत बसले. पण रविवारी सकाळी ते दाराशी उभे होते. धुवट धोतर, टोपी, आणि हातात पाण्यासकट घमेलं, त्यावर थर्माकोलचं झाकण, झाकणात निवडून लावलेली सगळ्यात चांगली रोपं. एकट्याला सांभाळायचं नाही, येता का, म्हणाले. नवरा घरी होता, मुलीला त्याच्याकडे सोपवून मी पदर खोचला.

चांदोरीवरून जाणाऱ्या गाडीत आम्ही ते घमेलं दोघांच्या मांडीवर आडवं ठेवून बसलो. रस्ता खडबडीत, पाणी हिंदकळून माझं लुगडं भिजलं. कंडक्टर वाकून बघत म्हणाला, "बाबा, मासे हायेत का काय?" काकांनी त्याला लेट्यूस म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली आणि तो पुढच्या सीटवर सटकला. बाकी वाटभर ते घमेल्यातलं पाणी सांभाळत होते. सायखेड्याला उतरल्यावर मात्र मला म्हणाले, "दादा हसेल बघा. हसू दे."

थोरले भाऊ अंगणात उन्हाला बाजेवर टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. दारातून त्यांच्या बायकोने आम्हाला पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढत त्या एवढंच म्हणाल्या, "भावजी." काकांनी पुढे होऊन घमेलं बाजेजवळ ठेवलं. दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता त्या घमेल्याकडे बघत राहिले.

मग थोरल्यांनी डावा हात घातला आणि एक रोप झाकणातून उपसून वर धरलं. शेतकरी माणूस, पान न बघता आधी मूळ बघितलं. पाणी त्यांच्या अंगावर ठिबकत होतं. "माती?" त्यांनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "नुसत्या पाण्यावर."

थोरले हसले. अर्ध्याच तोंडाने, पण मनापासून हसले. त्यांनी एक पान तोडलं, तोंडात घातलं आणि चांगल्या बाजूने सावकाश चावत राहिले. ते सगळं पान त्यांनी संपवलं. मग त्यांनी दुसरं तोडलं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी टोपीने पुसलं, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, जसं काही ते पीक मीच काढलं होतं.

"वहिनी, मी जेवणार आहे आज," काका म्हणाले. "मेथी कर."

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. मेथी नाही म्हणाल्या. यंदा पोराने भाजीचा तुकडा द्राक्षबागेला घेतलाय, दादा पडल्यावर चर खणले, आता तिथे भाजी व्हायची नाही. काका म्हणाले, असू दे, दुसऱ्या तुकड्यातली कर. तेव्हा त्या बाजेच्या पायाशी खाली बसल्या.

"भाजी त्याच तुकड्यात व्हायची, भावजी. हिरीजवळच्या. तुमच्या वाटनीचा तुकडा त्यो."

काका बाजेच्या कडेला टेकले. त्या सांगत गेल्या. दादांनी त्यांची वाटणी कधी मोडलीच नव्हती. तो तुकडा वेगळाच धरला, त्यात कायम पालेभाजी केली, आणि त्यातली पहिली जुडी धाकट्याची, बाजार मग. पडले त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत ती त्यांनीच बांधली.

"सांगायचं होतं," काका म्हणाले.

"मी म्हनायचे ना त्यास्नी. तर म्हनायचे, खायला लागला का सांगू."

बाजेवरून थोरल्यांनी काहीतरी म्हटलं. आधी कळलं नाही, मग त्यांनी पुन्हा म्हटलं. "तुझंच... व्हतं."

जेवायच्या आधी काका विहिरीजवळ जाऊन आले. मीही मागून गेले. लांबच लांब चर खणलेले, कडेला दगडी खांब आडवे टाकलेले, नांगरटीत हिरवं म्हणून काही नव्हतं. काकांनी चपला बांधावर काढल्या आणि आत उतरून ते चराच्या कडेकडेने टोकापर्यंत गेले, वाकून वाकून बघत. एखादं चुकार रोप कुठे राहिलं असेल तर बघत असावेत. काही नव्हतं. परत आले, पाय न झटकता चपला घातल्या. घरी वहिनींनी पिठलं-भाकरी वाढली. दोघे भाऊ शेजारी शेजारी जेवले, थोरल्यांना काकांनी भरवलं.

संध्याकाळच्या गाडीला आम्हाला मागची सीट मिळाली. लेट्यूस तिथेच राहिलं, रिकामं घमेलं काकांच्या मांडीवर होतं.  आता वैर संपलं, आता येणंजाणं होईल, असलं काहीतरी मी बोलले. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. गाडी पुलावरून गेली तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले,

"बाई, तुम्ही लोकांनी खाल्लीत ना इतकी वर्षं. कशी होती?"

मी म्हटलं, चांगली होती, काका. फार चांगली होती.

"असं नाही. नीट सांगा."

मग मी सांगू लागले. थंडीतली मेथी बारीक पानाची यायची, जराशी कडवट, पण बाजरीच्या भाकरीबरोबर इतकी गोड लागायची की वेगळं कालवण लागायचं नाही. पालक मऊ असायचा, मुलीला पहिल्यांदा वरणभातात कालवून भरवला तो तोच, तिने थुंकला नाही. चुका डाळीत घालायचे मी. पान इतकं आंबट की चिंच घालावी लागायची नाही. काका डोळे मिटून ऐकत होते. मी थांबले की म्हणायचे, "आणि शेपू?" शेपू मला आवडत नाही, पण नवरा आवडीने खायचा, मुगाची डाळ घालून केलेला. "वास कसा यायचा?" मी वासही सांगितला. नाशिक येईपर्यंत मी त्यांना त्यांच्या वावरातल्या भाज्या सांगत होते, आणि एखादी राहून गेली तर ते आठवण करून देत होते.